देवीनं उतरवलं

जळकोट,
२३ जून २०२४

अण्णा,

व्हॉट्सअपवर तुझ्या दोन निळ्या खुणा येतात आणि पुढं शुकशुकाट. म्हणून म्हटलं, पोस्टानं पाठवू. पत्राला निळी खूण नसते. तू वाचलंस की फाडलंस ते मला कळणार नाही आणि माझं डोकं तरी शांत राहील.

तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली. मांडवात मी जे बोलले त्याची माफी मागायला हे पत्र नाही. मुलगी बघायला निघताना तुम्ही मला गाडीतून खाली उतरवलं होतं, "घराण्यातच जाड अंग आहे असं त्यांना वाटायला नको" म्हणून. साखरपुड्याला मी स्वयंपाकघरात. लग्नात फोटोवाला "ताई, जरा मागं व्हा" म्हणाला तेव्हा तू मान डोलावलीस. मग मी माइक घेतला आणि राजेश्वरी वैनीच्या सगळ्या माहेराला सांगितलं की मी नवरदेवाची सख्खी बहीण शिवांजली, मागं ठेवलेली. लोक हसले, तू तेवढा हसला नाहीस. आजही मी तेच बोलले असते.

आता कामाचं. मार्चपासून माझं पोट दुखतंय. बरगड्यांच्या खाली, मधोमध. अर्धी भाकरी खाल्ली की जत्रेत जेवल्यासारखं गच्च होतं, आणि कधीकधी ती परत येते. अप्पा मला डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत, पोटाला हात लावला नाही, दारातून आत येताना मला पाहिलं तीच तपासणी. "वजन कमी करा, निम्मे आजार जातील." मी विचारलं, उरलेल्या निम्म्यांचं काय? अप्पांनी मला कोपरानं ढोसलं.

घरी आल्यावर अव्वानं तुळजापूरच्या दिशेला तोंड करून नवस बोलला. माझ्या पोरीच्या अंगावरचं उतरू दे, जेवढं उतरंल तेवढा गूळ तुझ्या दारात वाटीन. आणि नवस फिटेपर्यंत मला औषध बंद. मी भांडले तर म्हणाली, "गोळ्या खाल्ल्या अन् उतरलं, तर गुण कुणाचा म्हणायचा? देवीला राग यील."

तुझ्या पुण्यात दुर्बिणीनं पोट आतून बघतात म्हणे. सोलापुरातही बघतात, पण सोलापूरला न्यायचं तरी अव्वा हो म्हणायला पाहिजे. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. तू तिला एक फोन कर. तुझ्याकडं आणून मला एकदा दाखव आणि संध्याकाळच्या गाडीत परत बसवून दे. तुझ्या सोसायटीत मी कोण ते सांगू नकोस हवं तर. म्हणावं, गावाकडची कामवाली आहे.

शिवांजली

जळकोट,
१४ ऑगस्ट २०२४

अण्णा,

राखी सोबत आहे. पाच दिवसांत पोचली तर बांध, नाहीतर वैनीला दे, केसाला बांधेल.

इथं मी सध्या गावाची लाडकी आहे. माझं वजन उतरतंय. अप्पा दर सोमवारी दुकान उघडलं की मला काट्यावर उभं करतात, ज्वारीची पोती चढतात त्याच काट्यावर. आकडा बघतात, जीभ चावून हिशेब करतात आणि आत अव्वाला ओरडून सांगतात, "महादेवी, गूळ वाढला गं!" अव्वा हात जोडते. लहानपणी मी परीक्षेत पहिली आले होते तेव्हासुद्धा या घरात एवढा आनंद झाला नव्हता.

गिरणीवाल्या मावशी परवा म्हणाल्या, "काय गं शिवे, कशी गोड दिसायलीस! काय खातीस ते आमच्या पोरीला पण सांग." नळदुर्गच्या गाडीचा तो कंडक्टर, जो "दोन तिकिटं फाडू का" म्हणून सगळ्या गाडीला हसवायचा, त्यानं मला "बसा ताई" म्हणून जागा करून दिली. दुकानात गल्ल्यावर बसले की बायका दोन गोष्टी जास्तीच्या बोलतात. याच बायका माझ्यासमोर तेलाचा डबा मागताना "तुमच्याकडं उरतंय का" विचारायच्या. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मी रस्त्यानं चालले आणि कुणी माझ्या चालण्याकडं बघितलं नाही. असं चालायला मिळत असेल तर थोडं पोट दुखलं तरी चालेल, असंही एकदा मनात आलं. तू लहानपणापासून असंच चालत आलास, तुला हे कळायचं नाही.

डॉक्टर दुकानात साखर घ्यायला आले होते. लांबूनच म्हणाले, "शाबास! मी म्हणलं न्हवतं?" मी सांगितलं, पोट अजून दुखतं. म्हणाले, "अजून थोडं उतरू द्या. जे करायलाव ते चालू ठेवा." अण्णा, मी काहीच करत नाहीये. उपास नाही, व्यायाम नाही. मला भूक लागते, मी जेवायला बसते, आणि चार घासांनंतर पोट दार लावून घेतं.

एकदा उलटीत चहाच्या चोथ्यासारखं काळं पडलं. ते मी राखेनं झाकून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही असं समज.

तू फोन केला नाहीस.

शिवांजली

जळकोट,
२२ ऑक्टोबर २०२४

अण्णा,

कोजागरीची गर्दी ओसरल्यावर आम्ही तुळजापूरला जाऊन आलो. नवस फिटला. अप्पांनी गुळाच्या ढेपा टेम्पोत घातल्या. माझ्या अंगावरचं जेवढं उतरलं होतं ते सगळं मला मागच्या फळीवर ढेपांच्या रूपात दिसत होतं. आपले पुजारी विष्णुपंत म्हणाले, "एवढा गूळ? मुलगी झिजली की काय?" आणि सगळे हसले. मीही हसले.

गोमुखापाशी पाय धुतले आणि उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. पडले. शुद्धीवर येत होते तेव्हा माझे दात वाजत होते, अंग थरथरत होतं, केस सुटले होते. एक बाई ओरडली, "वारं आलं! बाजूला व्हा, वारं आलं!" बघता बघता माझ्याभोवती कडं झालं. कुणी मळवट भरला, कुणी ओटीत नारळ घातला. मी उठायला बघते तर खांदे धरून मला बसतं केलं. एक म्हातारा विचारतोय, "आई, माझ्या बोअरला पाणी लागंल का?" मी म्हटलं, पाणी. माझ्या घशाला कोरड पडली होती रे. लोकांनी जयजयकार केला, म्हातारा रडायला लागला. पाणी कुणी दिलं नाही.

आणि अव्वा. अव्वानं सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. ही तीच अव्वा, जी पाहुणे आले की मला आतल्या खोलीत बसायला सांगायची. तिचं डोकं माझ्या पायांवर होतं आणि मला तिला उठवायला हात उचलवत नव्हता.

परतताना टेम्पोत मी म्हटलं, अव्वा, आता नवस फिटला, आता मला दवाखान्यात ने. तिनं कानांना हात लावले. "देवी अंगात आलेल्या बाईला दवाखान्यात नेतेत व्हय? तिनंच उतरवलंय. आता तिच्यावर संशय घ्यायचा?" मी अप्पांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, "थोडे दिवस जाऊ दे, बाळा. लोक आत्ता कुठं चांगलं बोलायलेत."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी नवस फिटायचा होता म्हणून डॉक्टर नव्हता, आता फिटला म्हणून नाही. तू शिकलेला आहेस. पुण्यात हापिसात तुम्हा लोकांची दरवर्षी तपासणी होते, फुकट. एक फोन कर.

शिवांजली

जळकोट,
३ डिसेंबर २०२४

अण्णा,

तुला कळलंच असेल. उमरग्याच्या बंडप्पांकडून पुन्हा विचारणा आली. हे तेच, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी आपला चहा पिऊन "आमच्या घराची दारं जुनी हायेत, अरुंद" असा निरोप पाठवला होता. आता दारं रुंद झाली असावीत. देवीचा प्रसाद झालेली मुलगी म्हणून त्यांच्या घरातल्या बायकांनी मला आधी नमस्कार केला आणि मग साडीचा पदर बाजूला करून कंबर पाहिली.

जेवायला बसलो. मी दोन घास खाऊन हात थांबवला. त्यांची आत्या खूश. "खायला काईच लागत न्हाय की पोरीला, संसाराला बरी हाय." मुलगा महारुद्र. शाळेत शिकवतो. आम्हाला माडीवर बोलायला पाठवलं तेव्हा तो म्हणाला, "मागच्या वेळी घरच्यांचं काही नव्हतं. मलाच नको होतं. आता काही हरकत नाही." खरं बोलला. मला त्याचा खरेपणा आवडला, तो नाही आवडला. पण मी नाही म्हटलं नाही. अव्वानं पाहुणे गेल्यावर देवापुढं बसून इतका वेळ डोळे पुसले की मला नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही.

तारीख फेब्रुवारीत धरली आहे. शिंपिणीनं ब्लाउजांची मापं नेली, आणि शिवून आणले तेव्हा ते ढगळ झाले होते. तिनं टाचण्या लावून पुन्हा नेले. आरशात बघते तर गळ्याच्या हाडांवर पाणी साठेल असे खड्डे. अव्वा त्याला "गळा सुटला" म्हणते आणि तिथं ठुशी लावून बघते. आता मला पातळ वरणसुद्धा सोसत नाही. काळं पडणं दोनदा झालं. हे या वेळी सांगतेय, सांगितलं नाही असं नको समजूस, खरंच सांगतेय.

मला भीती वाटते, अण्णा. लग्नाची नाही. लग्नाआधी कुणीतरी माझं पोट बघितलं पाहिजे. नंतर भोवती असतील ती माझी माणसं नसतील, आणि त्यांच्यासमोर मी आजारी आहे म्हणण्याची सोय राहणार नाही. तू अव्वाला सांग, किंवा ये.

शिवांजली

जळकोट,
२० डिसेंबर २०२४

अण्णा,

तू फोन केलास. अप्पांना. त्यांनी स्पीकर लावला होता, मी डाळ निवडत होते.

"लग्न होऊ द्या, मग दोघांना पुण्याला पाठवा. फिरणंही होईल, दाखवणंही होईल. आत्ता दवाखान्याचं नाव निघालं तर सोयरीक मोडेल."

आवाज तुझाच होता. शेवटी विचारलंस, "आता बारीक दिसते ना?" अप्पा म्हणाले, "वळखू येत न्हाय." तू म्हणालास, "चला, चांगलं झालं."

म्हणजे मी आधी कुणाची तरी बायको व्हायचं आणि मग आजारी पडायचं. तुम्हा सगळ्यांना माझी काळजी नाही असं मी म्हणत नाही. काळजी आहे, पण तुम्ही ती नेहमी काट्यावर ठेवून बघता. मी जाड होते तेव्हा पोट दुखतं म्हटलं तर जाड आहेस म्हणून. आता बारीक झाले तर बारीक झालीस ना मग झालं. तुम्हाला माझं पोट दिसतच नाही, त्याच्या भोवतालचंच दिसतं.

सणासुदीला गल्ल्यातून अप्पा मला जे देतात ते मी खर्चलेलं नाही. संक्रांतीच्या आधी मी सोलापूरला जाणार. कुणाला विचारणार नाही. मैत्रिणीकडं बांगड्या घ्यायला जाते म्हणणार. तुला कळवतेय ते परवानगी मागायला नाही.

शिवांजली

सोलापूर,
९ जानेवारी २०२५

अण्णा,

दवाखान्यातून लिहितेय. दुर्बीण झाली, पोटाचा स्कॅनही झाला. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या आहेत. त्यांनी आधी पोटाला हात लावला. दहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी लावला आणि मला तिथंच रडू फुटलं. त्यांना वाटलं दुखलं.

विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, एकटीच. मी तुला फोन लावला, तीनदा. चौथ्यांदा अप्पांना लावला. ते दुकान उघडं टाकून आले, अंगात दुकानातलाच शर्ट.

जठराचा कॅन्सर आहे. यकृतापर्यंत गेलाय. बाईंनी नीट, हळू सांगितलं. तुम्ही लवकर आला असतात तर काढून टाकता आलं असतं, आता काढता येणार नाही, औषधं देऊन बघू, पण त्याला अंगात ताकद हवी, आधी थोडं वजन भरू द्या. वजन भरू द्या! मला हसू आलं. अप्पा माझ्याकडं बघायला लागले.

मग बाईंनी अप्पांना विचारलं, "एवढं वजन उतरत गेलं, घरात कुणाला काळजी नाही वाटली?" अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. उत्तर मीच दिलं. न्हाय ताई, म्हटलं, आमच्याकडं गूळ वाटला.

अप्पांनी बाहेर जाऊन बंडप्पांना फोन केला आणि सांगितलं की पोरगी आजारी आहे, लग्न होणार नाही. मी काचेतून बघत होते. तिकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. आत आल्यावर विचारलं, काय म्हणाले? "म्हणले, बारीक करायला पोरीला काय चारलं हुतं?" एवढं सांगून ते माझ्या पायथ्याशी बसले आणि पांघरुणाच्या वरूनच माझे पाय दाबू लागले. मी त्यांना थांबवलं नाही.

अव्वाला आजाराचं नाव सांगायचं नाही असं अप्पांनी ठरवलंय. आतड्याला सूज आहे, खाऊन पिऊन बरी होईल, असं सांगणार. मला पटलेलं नाही. पण या माणसाशी आज भांडायची माझ्यात ताकद नव्हती.

शिवांजली

जळकोट,
१६ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तुझा मेसेज मिळाला. "येतोय." एवढाच. मी किती वेळ तो एक शब्द वाचत बसले ते तुला सांगणार नाही, उगीच चढून जाशील.

दोन वेळा सोलापूरला जाऊन औषध चढवून आले. तिसऱ्या वेळी बाईंनी परत पाठवलं, झेपणार नाही म्हणाल्या. अप्पांनी दुकानातला काटा गोणपाटानं झाकून ठेवलाय. गिऱ्हाईकाला पोतं हवं असेल तर शेजारच्या दुकानात पाठवतात. गावात म्हणतात की मी बारीक व्हायच्या कसल्यातरी पुड्या खाल्ल्या. गिरणीवाल्या मावशी भेटायला आल्या होत्या, त्यांनी जाताना दारात अव्वाला विचारलं, पुड्यांचं खरं का. अव्वानं त्यांना चप्पल दाखवली. मला ते बघून फार बरं वाटलं.

अव्वाला अजून सूजच माहीत आहे. डॉक्टरांनी वजन भरू द्या म्हटलंय एवढं तिनं गाठीला बांधलंय. पहाटे उठते, गहू कांडते, आणि रोज त्याची खीर करते, आपली हुग्गी. तूप ओतून, खोबरं घालून, पूर्वी सणाला करायची तशी. तुला आठवतं ना, सणाला सगळ्यांना ताटात हुग्गी असायची आणि मला वाटीत. लहान वाटीत. तू कधी विचारलं नाहीस आणि मीही नाही, घरात ते पाणी भरण्यासारखंच ठरलेलं होतं.

काल तिनं ताट भरून आणलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. "खा गं माझ्या बाई, गरम हाय तवर खा." मी एक चमचा तोंडात धरला. चव लागते, अण्णा, ती अजून गेलेली नाही. गोड होती, वेलची होती. पण गिळलं की लगेच वर येतं. ती दूध आणायला आत गेली तेव्हा मी तोंडातलं आणि ताटातलं सगळं पलंगाखालच्या घमेल्यात ओतलं आणि वर राख टाकली. ती परत आली, तिनं रिकामं ताट पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला की मी तो कधी पाहिला नव्हता, काट्यावर आकडा उतरायचा तेव्हाही नाही. म्हणाली, "संपवलीस? समदी?" आणि मी न मागता, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं मला दुसऱ्यांदा वाढलं. हसत होती आणि डोळ्यांतनं पाणी येत होतं.

आज पुन्हा तेच. उद्याही करेल. मला तिला नको म्हणवत नाही. एवढी वर्षं मी ज्या घासाची वाट पाहिली तो माझ्यासमोर आहे, आणि तो मी राखेत घालते.

म्हणून तू लवकर ये. अप्पा तिला काही सांगायचे नाहीत, ते दिवसभर दुकानात बसून असतात. सांगायला तूच. जेवताना मला "आता पुरे" म्हणायचं काम या घरात लहानपणापासून तुझंच होतं. या वेळी ते अव्वाला म्हण.

तुझी,
शिवांजली